वारं लागू नये म्हणून

बाळंतपणासाठी मी परभणीहून जिंतूरला माहेरी गेले, त्याच्या आधीच आईने माझी खोली बंद करायला घेतली होती. खिडकीची काचेची दारं लावून त्यांच्या फटींत तिने जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या होत्या. दारं चुकून उघडू नयेत म्हणून चौकटीत एक खिळा मारून घेतला होता. त्यावरून दुहेरी गोधडी टांगली होती आणि वरच्या झरोक्यावर बाबांकडून पुठ्ठा ठोकून घेतला होता. दाराखालच्या फटीसाठी चादरीची एक वळकटी तयार होती. मी उंबऱ्यात उभी राहून हा सगळा बंदोबस्त पाहिला आणि विचारलं, "आई, मला इथं ठेवणार आहेस का लोणचं घालणार आहेस?" आई हसली नाही. एरवी ती माझ्या थट्टेला पुरून उरते, पण वाऱ्याचा विषय निघाला की तिच्या चेहऱ्यावरची रेष हलत नाही.

त्याला कारण होतं. माझ्याआधी आईला एक मुलगा झाला होता. बाबा तेव्हा जिंतूरला नुकतेच कारकून म्हणून लागले होते आणि दोघं भाड्याच्या एका स्लॅबच्या खोलीत राहत होते. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे झरीला, तिच्या माहेरी व्हायचं. पण त्या वर्षी तिची आई अंथरुणाला खिळलेली होती, म्हणून ते त्या खोलीतच पार पडलं. थंडीचे दिवस होते. महिनाही भरला नव्हता आणि एका सकाळी तो उठलाच नाही. माझ्या लहानपणापासून आईने हे इतक्याच शब्दांत सांगितलं आहे. "लय गुणाचा होता. रडायचाच न्हाई. झोपेतच गेला." त्या खोलीत कुठून तरी वारं शिरलं आणि त्याने लेकरू नेलं, असं तिने ठरवून टाकलं. माझ्या वेळी ती हट्टाने झरीला गेली, तिच्या आईच्या जुन्या, लाकूड-मातीच्या छताच्या माळवदात बाळंत झाली आणि मी जगले. तेव्हापासून स्लॅबच्या घरावर तिचा विश्वास नाही, आणि आता आमचं स्वतःचं घर स्लॅबचंच आहे.

मी शाळेत भूगोल शिकवते. मोसमी वारे, व्यापारी वारे, खारे आणि मतलई वारे, सगळे मला तोंडपाठ आहेत. आईचं वारं त्यांतल्या कशातच बसत नाही. ते कानातून शिरतं, डोक्यात जाऊन बसतं, अंगावरच्या दुधात उतरतं आणि तिथून लेकराच्या पोटात जातं. त्याला दिशा नसते, फक्त फट लागते. मी दोन-चार वेळा वाद घातला, मग सोडून दिला. जिचं लेकरू गेलंय तिच्याशी वाऱ्याच्या दिशेवरून काय भांडायचं, असं मला वाटलं.

बाबांची भीती वेगळी होती. त्यांना आगीची भीती. निवृत्त होण्याआधी त्यांच्या कचेरीत आग विझवायचं प्रात्यक्षिक झालं होतं. आवारात रद्दी पेटवली, एका माणसाने लाल सिलिंडरमधून पांढरी भुकटी मारून ती विझवली, आणि बाबा जे भारले गेले ते कायमचेच. निवृत्तीनंतर लोक तीर्थाला जातात, बाबांनी तसला सिलिंडर आणला आणि स्वयंपाकघरात गॅसपाशी भिंतीला टांगला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चहाच्या आधी सिलिंडर दाखवला जाई. "पिन काढायची, दांडा दाबायचा, अन् ज्वाळेवर न्हाई, आगीच्या बुडाशी मारायचं," हे आता आमच्या दूधवाल्यालाही पाठ आहे. काटा हिरव्या पट्ट्यात आहे का हे ते रोज सकाळी चष्मा लावून बघत. दसऱ्याला स्कूटरबरोबर सिलिंडरलाही हळदीकुंकू आणि झेंडूचा हार. एकदा मी आईला केक करून खाऊ घालावा म्हणून परभणीहून छोटा ओव्हन नेला, तर घरातली वायर तपासल्याशिवाय तो लावायचा नाही असं फर्मान निघालं, आणि ओव्हन अजून खोक्यातच आहे. मात्र ज्याला ज्योत नाही ती बाबांच्या लेखी आग नव्हती. राखेखालचे निखारे ही आईची बाब होती, देवघराइतकीच.

मला मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आईने उंबऱ्यात आमच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आम्हाला त्या खोलीत घेतलं आणि दार लावलं. तिथून सव्वा महिन्याची माझी कैद सुरू झाली.

मुक्काम बाजेवर, बाजेखाली शेगडी. पूर्वी चुलीतले निखारे आयते मिळायचे. आता घरात गॅस, म्हणून आईने लोणारी कोळशाचं पोतंच आणून ठेवलं होतं. सकाळी मालिश करायला एक मावशी येत. गल्लीतल्या सगळ्या बाळंतिणी त्यांच्याच हातून गेलेल्या. त्या अंगणात शेगडी पेटवत, धूर निघून गेला आणि कोळसा लालबुंद झाला की त्यावर राख पसरत, आणि मग ती आत आणून बाजेखाली सरकवत. धूर नाही म्हणजे शेगडीची काही भीती नाही, असं मावशी मानत, आई मानत, आणि खरं सांगायचं तर मीही मानत होते. वरून ओवा आणि बाळंतशोपा टाकल्या की खोलीला छान वास यायचा. शेगडी आत आली म्हणून बाबांनी सिलिंडर स्वयंपाकघरातून काढून माझ्या खोलीच्या कोपऱ्यात आणून ठेवला. मला सगळं पुन्हा समजावलं, पण पिनचं सील उगाच तोडायचं नाही अशी ताकीदही दिली. "गोधडीला ठिणगी लागली तर घाबरायचं न्हाई," ते म्हणाले, "मी हाय."

आणि एक बोका होता. आमच्या शेजारी पिठाची गिरणी, गिरणीमुळे उंदीर आणि उंदरांमुळे बोका. तो बाळंतिणीच्या खोलीत शिरला तर काय अनर्थ होतो याच्या गोष्टी मावशी मालिश करता करता सांगत. दाराला आतून कडी लावायची तर मला बाजेवरून उठावं लागणार, आणि उठायची मनाई. म्हणून आई खोलीतून बाहेर गेली की बाहेरून कडी लावी आणि वळकटी पायाने फटीत दाबून जाई. ती कडी जरा वाकडी होती, दोनदा आपटल्याशिवाय बसायची नाही. पहिल्या आपटण्याला मी मनात म्हणायचे, बसू नको. दुसऱ्याला ती बसायचीच.

दिवसभर पिवळा बल्ब जळत असे. मोबाइल आईने काढून घेतला होता, कारण बाळंतिणीचे डोळे कच्चे असतात. डोक्याला कानटोपी आणि वरून मफलर, घामाने मान खाजायची. नवरा रविवारी परभणीहून यायचा, तर त्याला हातपाय धुवायला लावून, शेगडीवर तळवे शेकायला लावून उंबऱ्यात उभं केलं जाई. आईच्या देखत आम्ही एकमेकांना "बरी आहेस ना" आणि "जेवलास ना" एवढं विचारायचो, झाला संसार. बाहेर काय चाललंय ते फक्त गिरणीच्या घरघरीवरून कळायचं. ती थांबली की वीज गेली, सुरू झाली की आली. मला त्या खोलीत गुदमरायला व्हायचं. हे मी आता सरळ लिहिते आहे, तेव्हा बोलायची सोय नव्हती. बाळंतीण कुरकुरली की दूध आटतं, असं मावशींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मग डोकं दुखायला लागलं. कपाळावर पट्टा आवळल्यासारखं, सकाळपासून. मी आईला सांगितलं. आईने मावशींना सांगितलं. मावशींनी माझ्या कानामागे बोटं दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "वारं गेलंय कानात. कुठली तरी फट राह्यलीय बघा." दोघींनी मिळून फट शोधली, दाराच्या बिजागरीपाशी सापडली, तिच्यात कापूस भरला, आणि शेगडीत कोळसा वाढवला. दुसऱ्या दिवशी डोकं जास्त दुखलं. कोळसाही जास्त पडला.

आंघोळीला मोरीत नेलं की मला बरं वाटायचं. मोरीच्या वरच्या जाळीतून उजेड यायचा, गार हवा यायची आणि कपाळावरचा पट्टा ढिला पडायचा. मी हे आईला बोलून दाखवलं. "मोरीत गेलं की माझं डोकं थांबतं गं."

"थांबल न्हाई तर काय. कढत पाण्यानं कान मोकळे व्हायलेत," आई म्हणाली आणि मला लगबगीने परत आत नेलं.

आईच्या दरबारात असंच होतं. डोकं दुखलं तरी गुन्हेगार वारं, थांबलं तरी गुन्हेगार वारं. मला रागही यायचा आणि हसूही यायचं, आणि दोन्ही करायला अंगात जोर नसायचा. सारखी झोप यायची. बाळंतपणाचा थकवा असेल असं मी मला समजावत होते.

आणि बाळ झोपायचं. दवाखान्यात तिने सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला होता. इथे आल्यावर ती दिवसेंदिवस शांत होत गेली. दूध पिता पिता तिचं तोंड सुटायचं, मान कलायची. मावशी कौतुकाने म्हणाल्या, "लय गुणाची पोर हाय बाई. रडतच न्हाई."

आई तेव्हा दुपट्याची घडी घालत होती. तिचे हात थांबले. हे शब्द आम्हा दोघींच्या ओळखीचे होते. आईने घडी तशीच टाकली, स्वयंपाकघरात जाऊन मीठमोहऱ्या आणल्या, बाळावरून उतरवल्या आणि निखाऱ्यांवर टाकल्या. तडतड झाली, खोली धुराने भरली, मला खोकल्याची उबळ आली. बाळ काही उठलं नाही. "लय नजर होती," आई म्हणाली. त्या दिवसापासून तिने कोणालाच आत येऊ दिलं नाही, मावशी सोडून. दार आणखी कमी उघडू लागलं.

ती सगळी राखण माझ्या मुलीसाठी होती हे मला कळत होतं. म्हणूनच मला बोलता येत नव्हतं. कोणी द्वेषाने डांबून ठेवलं असतं तर मी भांडले असते. इथे डांबणारी बाई माझे तळवे तेलाने चोळत होती, मला डिंकाचे लाडू भरवत होती, आणि माझ्या बाजेशेजारी खाली सतरंजीवर झोपत होती, त्याच हवेत. तिचंही डोकं दुखायचं. ती कपाळाला सुंठेचा लेप लावायची आणि कोणाला सांगायची नाही.

नोव्हेंबर सरत आला आणि गारठा वाढला. परभणीचा पारा घसरला की पेपरवाले ते मोठ्या अक्षरात छापतात. बाबांनी ती बातमी ओसरीतून आईला मोठ्याने वाचून दाखवली, आणि आईने एकाच्या दोन शेगड्या केल्या. एक बाजेखाली, एक पायथ्याशी. बातमी वाचून बाबा बँकेत गेले. पेन्शनवाल्यांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आपण जिवंत आहोत म्हणून. बाबा शेवटपर्यंत टाळत आले होते आणि आता तिथे रांग लागली होती. जाताना त्यांनी सिलिंडरचा काटा तेवढा बघितला.

जेवण झाल्यावर आई म्हणाली, "तू पड. मी दुपटी वाळत घालून येते, ऊन हाय तवर." तिने बादली उचलली, दार ओढलं, कडी दोनदा आपटली. वळकटी फटीत सरकल्याचा आवाज आला. मग तिची पावलं गच्चीच्या जिन्यावर चढत गेली.

मला जाग आली ती मळमळीने. किती वेळ झाला होता कोण जाणे. बल्बभोवती एक पिवळं वर्तुळ दिसत होतं आणि कानात गिरणी घरघरत होती, का माझंच डोकं घरघरत होतं ते कळेना. मी कुशीवर वळले आणि बाळाला छातीशी घेतलं. तिने तोंड उघडलं नाही. मी तिच्या तळपायाला टिचकी मारली, जशी दवाखान्यात नर्स मारायची. पाय मागे घेतला नाही. गाल हलवला. मान नुसती कलली. श्वास होता, पण मला तो शोधावा लागला.

त्या घटकेला माझ्या डोक्यात भूगोल नव्हता, विज्ञान नव्हतं, काही नव्हतं. फक्त आईचं वाक्य होतं. रडायचाच न्हाई, झोपेतच गेला. मी आईला हाक मारली. हाक माझ्याच तोंडातून बाहेर पडल्यासारखी वाटली नाही. गिरणी चालू होती आणि आई गच्चीवर होती.

बाजेवरून उतरले तशी पायातली शक्ती गेली आणि मी गुडघ्यांवर बसले. बाळाला एका हाताने धरून दारापर्यंत गेले. दार ओढलं. ते कडीइतकं हललं आणि थांबलं. मी तळहाताने दार बडवलं, अगदी हलकासा आवाज झाला, एखादा शेजारी उगाच दार वाजवून बघतो तसा. फटीला नाक लावलं तर तिथे वळकटी होती. मला तेव्हा इतकंच कळत होतं की बाळाला बाहेरची हवा पाहिजे. मोरीत डोकं थांबायचं, इथे दुखायचं, एवढा एकच धागा माझ्या हाती होता. मला वाटलं आम्ही दोघी इथेच जाणार, आणि आई खाली येऊन म्हणेल की वारं लागलं.

त्या विचाराने मला जो राग आला, त्याने मला उठवलं.

बाळाला मी खिडकीखाली जमिनीवर ठेवलं आणि गोधडीला लोंबकळले. ती खिळ्यांसकट माझ्या अंगावर आली. चिंध्या उपसल्या. पण खिडकीच्या चौकटीत तो खिळा होता, दारं जागची हलेनात. काचेवर मूठ मारली, काच हलली नाही. मी मागे वळले आणि कोपऱ्यात बाबांचा लाल सिलिंडर दिसला, दसऱ्याच्या हाराचा सुकलेला दोरा अजून गळ्यात. पिन काढायची, दांडा दाबायचा. पण विझवायचं काय होतं? खोलीत ज्वाळा नव्हती, धूर नव्हता, दोन्ही शेगड्यांवर राखेची मऊ साय धरलेली होती. मी त्याला मानेशी धरून उचललं. बाळंतिणीने तांब्याही उचलायचा नसतो. पोटात ओढ बसली. त्याचं बूड काचेवर मारलं, ते घसरलं आणि चौकटीवर आपटलं. परत मारलं तेव्हा काच फुटली.

गार हवा आत आली आणि तिच्याबरोबर गिरणीतल्या पिठाचा वास. मी बाळाला उचललं आणि तिचं तोंड गजांपाशी धरलं, काचा लागू नयेत म्हणून मफलर मध्ये घेऊन. बाहेर गिरणीपाशी डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी वळून पाहिलं. त्यांतली एक पुढे आली. "काय झालं ओ ताई?" मी बाळ दाखवलं आणि म्हटलं, "कडी काढा."

तिने गच्चीकडे बघून आईला हाक मारली असावी, कारण जिन्यावर धावती पावलं वाजली. कडी निघाली. आई दारात उभी राहिली, हातात ओलं दुपटं तसंच, आणि फुटलेल्या खिडकीकडे बघून पहिलं वाक्य बोलली ते असं, "हे काय केलंस गं, वारं लागंल की तिला." मग तिने बाळाचा चेहरा पाहिला. हातातलं दुपटं खाली पडलं. तिने बाळाला हिसकावून घेतलं आणि अनवाणी बाहेर पडली. तिच्यामागे मी, गिरणीतल्या त्या बाईच्या खांद्यावर रेलून. रिक्षात बाळाच्या तोंडावर वारा लागत होता आणि आईने ते झाकलं नाही.

सरकारी दवाखान्यात बाळाला आणि मला प्राणवायू लावला. डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पहिल्यांदा हेच विचारलं की खोलीत शेगडी होती का, आणि खिडकी उघडी होती का. माझ्या नाकातोंडावर मास्क होता. मी आईकडे बोट केलं.

त्या मास्कमागे पडल्या पडल्या मी मनात भाषण तयार केलं. बाळ किंचित हलायला लागलं होतं, बोटं मिटत उघडत होती, आणि माझी भीती जसजशी ओसरली तसतसा राग वर आला. कडी, वळकटी, कापूस, दुसरी शेगडी, एकेक करून मी आईला विचारणार होते. तिला रडवणार होते. मला तेव्हा तेच हवं होतं.

डॉक्टर बाई पलंगाजवळ उभ्या राहून आईला समजावत होत्या. निखाऱ्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नसतो, वास नसतो, धूर गेला तरी तो निघतच राहतो. खोलीला फट असेल तर तो बाहेर जातो, नसेल तर साचतो. डोकं दुखतं, मळमळतं, झोप येते. पेटती शेगडी बंद खोलीत कधीच ठेवायची नाही, बाळंतिणीच्या तर नाहीच.

आई ऐकत होती. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं. डॉक्टर बाई बोलायच्या थांबल्यावर तिने विचारलं, "मग लेकरू रडत न्हाई का?"

"नाही. रडायला त्राणच राहत नाही. नुसतं झोपून असतं. घरच्यांना वाटतं बाळ शहाणं आहे."

आईने मान हलवली. मग तिने पुन्हा विचारलं, अगदी हळू. "झोपेत तकलीफ होती का हो त्याला? का काहीच कळत न्हाई?"

"आजी, तसलं काही मनात आणू नका. तुमची नात बरी आहे आता," डॉक्टर बाई म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

त्यांना वाटलं आई नातीबद्दल विचारते आहे. मला माहीत होतं ती कोणाबद्दल विचारत होती. झरीच्या माळवदाला छतात साणं होतं, धूर जायला ठेवलेलं भोक. पावसाळ्यात त्यावर फरशी ठेवायचे, एरवी ते उघडं असायचं. त्याच्याखाली आजीने माझ्याही बाजेखाली शेगडी ठेवली असणार, आणि मी जगले. जिंतूरच्या त्या भाड्याच्या खोलीच्या स्लॅबला साणं नव्हतं, आणि तिथली प्रत्येक फट आईने स्वतःच्या हाताने बुजवली असणार, जशी माझ्या खोलीतली बुजवली. हे मला जितक्या वेळात सुचलं, त्याच्या आधी तिला सुचलं होतं. मी मास्क बाजूला केला. मी तिचा हात धरला. तो गार होता आणि ओल्या दुपट्यांच्या साबणाचा वास त्याला येत होता.

बाबा बँकेतून थेट दवाखान्यात आले, दाखल्याची पावती खिशात घेऊन. घरी परतल्यावर त्यांनी सिलिंडर तपासला. बुडाला पोचा आला होता, सील शाबूत होतं, काटा हिरव्यात होता. पाहुण्यांना सिलिंडर दाखवणं मात्र त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं. दोन्ही शेगड्या आईने अंगणात नेऊन पालथ्या घातल्या. मावशी आल्या तेव्हा तिने त्यांना सगळं सांगितलं, डॉक्टर बाईंचे शब्द जसेच्या तसे. फक्त शेवटचा प्रश्न आणि त्याचं उत्तर तिने सांगितलं नाही. आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही, आजही नाही.

बाबा काच बसवणाऱ्याला बोलवायला निघाले तेव्हा आई म्हणाली, "राहू द्या. मी जाळी बशीवते." मांजर येऊ नये इतकी जाळी तिने स्वतः गजांना तारेने बांधली, आणि दाराची वाकडी कडी बाबांकडून उचकटून घेतली. 

मग एके सकाळी बाळ रडायला लागलं. जन्मल्यावर दवाखान्यात रडायची तसं, मुठी वळून, तोंड लाल करून, गिरणीच्या वर आवाज काढून. मी तिला पाजायला घेतलं, ती घेईना. मावशी ओव्याची पुरचुंडी घेऊन धावल्या, बाबा ओसरीतून उठून खुळखुळा वाजवायला लागले. आई खिडकीपाशी बसली होती, अंगावर शाल घेऊन, बाहेरचं वारं थेट तोंडावर घेत. ती उठली नाही.

"रडू द्या तिला," ती म्हणाली. "कोणी गप करू नका."